हुंबरळच्या भरलेल्या खोल्या

हुंबरळात कोणाकडे किती पाहुणे उतरले, कोणाच्या सोलकढीचं कौतुक झालं आणि कोण तोंड वाकडं करून गेलं, हे सगळं तुळसाकाकीला घरबसल्या ठाऊक असतं. तिच्या ओटीसमोरून रस्ता जातो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायची तिला लाज वाटत नाही, एवढंच तिचं भांडवल. अक्षया परब तेच काम करत होती. फरक इतकाच, की तिच्या ओटीसमोरून विजयदुर्गापासून आरोंद्यापर्यंतचा अख्खा किनारा जात होता, आणि तिला त्याचा पगार मिळत होता. तुळसाकाकीला ही गोष्ट कळली तेव्हा तिने बराच वेळ हनुवटीवर बोट ठेवून विचार केला, आणि मग अक्षयाच्या आईला विचारलं, की त्या पुण्याच्या कंपनीत आणखी एक जागा निघेल का.

काम तसं समजायला सोपं होतं. पर्यटकांना खोल्या मिळवून देणाऱ्या वेबसाइट असतात. घरमालक आपल्या घराचे फोटो, भाडं आणि कॅलेंडर तिथे ठेवतात. कॅलेंडरात प्रत्येक दिवसाचा एक चौकोन. खोली मोकळी असली तर हिरवा, पाहुणे असले तर लाल, आणि मालकाने खोली देणंच थांबवलं असेल तर करडा. अक्षयाने लिहिलेला प्रोग्राम रोज पहाटे या वेबसाइटवर फेरफटका मारायचा. एकेका घराच्या पानावरून भाडं, चौकोनांचे रंग आणि पाहुण्यांचे अभिप्राय उचलायचा आणि सगळं एका तक्त्यात आणून ठेवायचा. असा ढीग साठला की त्यातून काय काय दिसायला लागतं. कुठल्या गावाला कधी गर्दी होते, कुठे भाडं वाढवलं तरी लोक येतात, कुठे स्वस्त असूनही कोणी फिरकत नाही. हॉटेलं बांधणाऱ्यांना हे आधीच कळायला हवं असतं, आणि अक्षयाची कंपनी ते त्यांना सांगायची.

या फेरफटक्यालाही रीतभात होती. ती अक्षयाला तिच्या साहेबांनी, कौस्तुभसरांनी, पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. एका दारावर सारखी थाप मारायची नाही, दोन पानांच्या मध्ये जरा श्वास घ्यायचा, दुसऱ्याच्या साइटला धाप लागेल असं वागायचं नाही. आणि प्रत्येक साइटच्या दारात प्रोग्रामांसाठी एक बारीकशी पाटी लिहिलेली असते, की आतल्या अमुक भागात येऊ नका. तिथे अडवायला कोणी उभं नसतं. तरी पाटी वाचायची आणि मागे फिरायचं. कौस्तुभसर म्हणायचे, की हे ज्याला जमत नाही त्याने या धंद्यात येऊ नये. अक्षयाला सगळ्या शिकवणुकीत हाच भाग आवडला होता.

पहाटे ती ओटीवर लॅपटॉप घेऊन बसायची. खाली समुद्र कूस बदलत असायचा, माडांच्या मधल्या धुक्यात अजून कोणाचीच पावलं उमटलेली नसायची, आणि पडद्यावर एकामागून एक घरं येत जायची. देवगडकडच्या आमराईतलं घर, वेंगुर्ल्याचं बंदराच्या चढावरचं घर, आरोंद्याला खाडीला टेकलेलं इनासिया नावाच्या बाईंचं घर. अभिप्राय तर कोणाची तरी स्वप्नं चोरून वाचावीत तसे वाटायचे. एका बाईने लिहिलं होतं, की रात्रभर लाटा उशीखालून जात होत्या. एका माणसाने लिहिलं होतं, की इथे मला माझ्या मेलेल्या भावाची आठवण आली, पण दुःख झालं नाही. प्रोग्रामला यातलं काही कळत नसे. तो या माणसाला पाचपैकी पाच मोजून पुढे निघायचा. अक्षया मात्र तिथेच थोडा वेळ रेंगाळायची आणि चहा निवायचा.

ती पुण्याहून घरी आली होती ती वडील गेले तेव्हा. परशुराम परब बाजारातून परतताना पारावर बसले आणि उठलेच नाहीत. दिवसकार्य आटोपलं तरी अक्षयाचा पाय निघेना. आई, सुगंधा, दिवसभर ठणठणीत असायची. पाहुण्यांचं जेवण, कपडे, माडाचं पाणी, सगळं हसतखेळत. पण दिवेलागणीला हातातलं काम जिथल्या तिथे ठेवून ती बेड्याशी, अंगणाच्या फाटकापाशी, जाऊन उभी राहायची, कारण परशुराम त्या वेळेला परतायचे. कोणी येत नाही असं दिसलं की मग आत येऊन दिवा लावायची. अक्षयाने कौस्तुभसरांकडे घरून काम करायची परवानगी मागितली. ते म्हणाले, किनाऱ्याचा हा मोठा रिपोर्ट होईपर्यंत कर. तो चांगला झाला तर कायमचं गावाहूनच कर, नाहीतर परत यायचं. अक्षयाला बढती नको होती की मान नको होता. त्या दिवेलागणीच्या वेळेला आई बेड्याशी एकटी असू नये, एवढंच तिला हवं होतं. घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या, त्यातली समुद्राकडची तिने स्वतःसाठी घेतली आणि साइटवरून काढून टाकली.

कार्तिकात रिपोर्ट झाला, आणि कौस्तुभसरांचा फोन आला तो आनंदाने ओसंडत. सगळ्या किनाऱ्यावर एका गावाने कमाल केली आहे, म्हणाले. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात तिथली एकूण एक खोली सलग तीन दिवस भरलेली होती, आदल्या दिवशी आणि नंतरच्या दिवशी सगळं हिरवं. आणि यंदा तर त्याहून मोठी गंमत. परवा, एकाच संध्याकाळी, गावातल्या सगळ्या घरांच्या सगळ्या खोल्या पुढच्या महिन्यातल्या त्याच सुमाराच्या दिवसांसाठी लाल झाल्या. असं तर गोव्यातही होत नाही. एवढी कसली जत्रा आहे, एवढे लोक येतात कुठून? आपल्या ग्राहकाला हॉटेलसाठी हेच गाव पाहिजे. त्यांच्या दिव्या मॅडम ती गर्दी डोळ्यांनी बघायला येणार आहेत, आणि मीही येतोय. हुंबरळ म्हणून गाव आहे. तुझ्या जवळपासच असेल ना?

अक्षयाला आधी हसू आलं. मग तिने रिपोर्ट उघडून ते नाव वाचलं.

हुंबरळात त्या दिवसांत गर्दी नसते. हुंबरळात त्या दिवसांत माणूसच नसतो. दर तीन वर्षांनी देवाचा कौल होतो आणि गावपळण ठरते. ढोल वाजला की अख्खं गाव वेशीबाहेर पडतं. म्हातारीकोतारी, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. तीन दिवस व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्यांत सगळे राहतात. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कोंबडा आरवत नाही. देवाने परत कौल दिला की मग घरी यायचं.

आता कोणी शहाणा विचारेल, की मग चौकोन करडे का नाही केले? तर त्याचं असं झालं. साइट गावात आली तेव्हाच्या गावपळणीत शेजारच्या बाबलीने आपल्या घराचे चौकोन सरळ करडे केले होते आणि मोठ्या ऐटीत दाजींना दाखवले होते. दाजी म्हणजे गावचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाले, हा तर राखेचा रंग. गावपळणीत घर बंद नसतं. त्या दिवसांत देव आपला सगळा परिवार घेऊन गावात उतरतो, घराघरांतून राहतो. म्हणून तर माणसांनी बाहेर पडायचं. घराला रिकामं म्हणू नये, आणि बंद तर नाहीच नाही. बाबलीने कान धरून चौकोन लाल केले. तेव्हापासून गावपळण ठरली की सगळं हुंबरळ आपल्या खोल्या लाल करतं, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. आईच्या दोन खोल्यांचे चौकोन यंदा खुद्द अक्षयाने लाल केले होते. कौल झाला त्या संध्याकाळी, जेवणाआधी, आईच्या सांगण्यावरून, जरासुद्धा विचार न करता. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचाच प्रोग्राम तिच्याच दारात आला आणि ती खूण उचलून पुण्याला देऊन आला. तिने कोड तपासला होता, बेरजा तपासल्या होत्या. रिपोर्टातली गावांची नावं मात्र तिने वाचली नव्हती, कारण इतक्या गावांची नावं कोण वाचतं?

फोनवर ती एवढंच म्हणाली, की बघून सांगते.

आणि मग सांगितलंच नाही. उद्या सांगू म्हणून एक दिवस गेला, परवा सांगू म्हणून दुसरा. सांगितलं तर रिपोर्ट पडणार, ग्राहक जाणार आणि घरून काम संपणार. न सांगितलं तर इथे हॉटेल उभं राहणार, कोणासाठी ते देवच जाणे. सांगायला हवं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण संध्याकाळ झाली की आई बेड्याशी जायची, अक्षया तिच्यामागे जाऊन उभी राहायची, दोघी रस्त्याकडे बघायच्या, आणि मग तिच्या तोंडून पुण्याला जायचा शब्द निघत नसे. माणूस भित्रा होतो तो असा, प्रेमापोटी. तरी भित्रा तो भित्राच.

शेवटी तिने आईला सांगितलं. सुगंधा नारळ खवत होती, ती थांबलीसुद्धा नाही. तिला यात काही चूक झालेली दिसेचना.

"खोल्यो भरलेल्यो असतत म्हणून लाल केलंव," ती म्हणाली. "खोटा काय त्यात? तुझ्या मशिनीक बरोबर कळला."

गावपळणीच्या दिवशी सकाळी ढोल वाजला. शेजारच्या शेवंतीच्या मांजराने ऐनवेळी माळ्यावर दडी मारली, त्याला काढता काढता पाच माणसं धुळीने माखली. बाकी सगळं शिस्तीत झालं. सुगंधाने घर सारवून घेतलं होतं. ओटीवर चटई अंथरली, तांब्या भरून ठेवला, अक्षयाच्या वडिलांच्या खुर्चीवरची धूळ पदराने पुसली. सगळ्यात शेवटी उंबऱ्याबाहेर येऊन ती आत बघत राहिली. मग हळूच, पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाली, "बसा हां. आमी येतंव."

अक्षयाने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

माळावरचे दिवस कसे जातात हे सांगून पटत नाही. एरवी बांधावरून भांडणारे शेजारी एकाच चुलीवर पेज शिजवतात. बाया फुगड्या घालतात, दशावताराची हौस असलेले लोक दिवसाढवळ्या सोंगं काढतात, आणि तुळसाकाकीला सगळं गाव एका नजरेत दिसत असल्यामुळे ती अगदी तृप्त असते. पण मधूनच कोणीतरी बोलता बोलता थांबतं आणि व्हाळापलीकडे बघतं. तिकडे गाव पडलेलं असतं. कौलं तीच, माड तेच, देवळाचा कळस तोच. आवाज तेवढा नसतो. ओळखीचं माणूस झोपेत असताना वेगळं दिसतं, तसं ते दिसतं. दुपारच्या उन्हात घरांच्या मधली हवा थरथरते, एखादी झावळी आपोआप खाली येते, आणि बघणाऱ्याला वाटतं की आत्ता तिकडे कोणीतरी वळून बघितलं. अक्षया तासन् तास बघत बसायची. तिला मनात हिरवे-लाल चौकोन दिसायचे, एकेका कौलारू घरावर एकेक लाल चौकोन, आणि त्या लाल घरांतून कोण कोण हिंडत असेल याचा विचार करता करता तिला गुंगी यायची. एकदा तर अर्धवट झोपेत तिला वाटलं, की आपला प्रोग्राम तिकडे घरोघर फिरतोय, दोन घरांच्या मध्ये जरा थांबतोय, आणि प्रत्येक ओटीवर कोणीतरी त्याला पाणी देतंय.

शेवटच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गाडी आली.

व्हाळाच्या पुलाशी गाव सुरू होतं. पुलाच्या अलीकडे दाजी खुर्ची टाकून बसले होते. गाडीतून कौस्तुभसर उतरले, त्यांच्यामागून दिव्या मॅडम, पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, डोळ्यांवर हात धरून. समोर गाव होतं आणि रस्ता होता. रस्त्यावर कोणी नव्हतं. कौस्तुभसरांनी मोबाइल काढून नकाशा बघितला, मग साइट उघडली. साइटवर सगळं हुंबरळ लालभडक होतं. ते पडद्याकडे बघत आणि मग गावाकडे बघत, आणि परत पडद्याकडे. अक्षया माळावरून धावत आली तेव्हा त्यांनी हसून विचारलं, की लोक आहेत कुठे सगळे, देवळात का?

अक्षयाने सगळं सांगितलं. गावपळण सांगितली, कौल सांगितला, करडा रंग आणि लाल रंग सांगितला. आपल्या तक्त्यात किनाऱ्यावर सगळ्यात गजबजलेलं म्हणून जे ठिकाण निघालं ते हे, आणि हे मार्गशीर्षातल्या या दिवसांत अख्ख्या जिल्ह्यातलं सगळ्यात निर्जन ठिकाण आहे. हे माझं गाव आहे. यातल्या दोन खोल्यांचे चौकोन मी माझ्या हाताने लाल केलेत. 

कौस्तुभसरांनी मोबाइल खिशात ठेवला. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, ज्याची तिला महिनाभर धास्ती होती.

"तुला हे कधी कळलं?"

"तुमचा फोन आला तेव्हाच, सर."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दिव्या मॅडम मात्र पुलाच्या कठड्याला हात लावून तशाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, आता आलोच आहोत तर जरा आत चक्कर मारू, कोणी नाहीच तर कोणाला त्रासही नाही. कौस्तुभसरांनी पाऊल उचललंही. दाजी खुर्चीतून उठले नाहीत. कोणालाही अडवायचं नाही असा त्यांचा नेम होता. त्यांनी फक्त मान वर केली.

"खोल्यो भरलेल्यो आसत, बाय," ते म्हणाले. "आता जागो नाय."

कौस्तुभसर थबकले आणि त्यांनी अक्षयाकडे बघितलं. ती म्हणाली, "सर, प्रत्येक साइटच्या दारात पाटी असते आणि तिथे अडवायला कोणी नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. आमच्या गावाची पाटी म्हणजे हे दाजी."

त्यांचं पाऊल पुलावरून मागे आलं. काही झालं तरी माणूस आपल्या शब्दाचा होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

मग काही करण्यासारखं उरलं नाही, म्हणून सगळे तिथेच बसले. सुगंधा कोकमाचं सरबत घेऊन आली. ऊन उतरत होतं. गावावर सोनेरी धूळ धरल्यासारखं झालं होतं, आणि इतकी शांतता, की पलीकडच्या समुद्राचा श्वास ऐकू येत होता. दिव्या मॅडमनी सुगंधाला विचारलं, तुमचं घर यातलं कुठलं. सुगंधाने बोट दाखवलं, माडांच्या मागचं ते. त्यावरही लाल आहे, दिव्या मॅडम हसून म्हणाल्या, तुमच्याकडे कोण उतरलंय मग?

"हिचो बापूस," सुगंधा म्हणाली.

दिव्या मॅडमना काही माहीत नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, की ते नाही आले बाहेर सगळ्यांबरोबर?

"ते आता भायर येनत नाय," सुगंधा म्हणाली, आणि त्यांच्या पेल्यात आणखी सरबत ओतलं. "ह्ये तीन दिस तरी घरात असतत. सारव्‌न ठेवलंय सगळा."

अक्षयाने मान फिरवली. वर्षभर तिने आईला सावरलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. आपण आईच्या दुःखाला रिकामं समजत होतो आणि आई त्याला भरलेलं समजत होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं, आणि तिला आईचा हेवा वाटला. डोळे भरून आले ते तिने पुसले नाहीत. दिव्या मॅडम पेला हातात धरून बराच वेळ त्या घराकडे बघत राहिल्या. निघताना त्या कौस्तुभसरांना म्हणाल्या, की इथे हॉटेल काढून चालायचं नाही, सगळ्यात चांगल्या दिवसांत जागाच मिळणार नाही. थट्टा होती, की नव्हती, कोणास ठाऊक. गाडी गेली.

संध्याकाळी कौल झाला, ढोल वाजला आणि गाव घरी परतलं. दाराशी सुगंधा क्षणभर थांबली, आत जाण्याआधी "इलंव हां" म्हणाली, आणि मगच तिने कडी काढली. तांब्यातलं पाणी थोडं कमी झालं होतं. उन्हाने झालं असेल.

कौस्तुभसरांनी अक्षयाला काढलं नाही. मोबाइलवर ते नीट, शांतपणे बोलले. चूक कोणाचीही होते, पण कळल्यावर गप्प बसलीस. समोर बसून काम करणाऱ्याच्या तोंडावरून कळतं तरी. नवीन वर्षापासून पुण्यात ये. अक्षया हो म्हणाली. यात अन्याय काही नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

सुगंधाने ऐकलं आणि सोलं, काजू, कुळथाचं पीठ बांधायला घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी अक्षयाने समुद्राकडची खोली पुन्हा साइटवर चढवली. सगळ्यात चांगली खोली तीच, वाऱ्याची, ती अडवून ठेवू नको, पाहुण्यांना दे, असं आईला बजावलं. रंग पुन्हा एकदा शिकवले. सुगंधा म्हणाली, "माका येता गो ता. कितीदा सांगशीत?"

पुण्यात जाऊन अक्षयाने पहिलं काम केलं ते नवा नियम लिहायचं. एखादी खोली लाल दिसते, पण नंतर तिथे राहिलेल्या कोणाचाच अभिप्राय येत नाही, भाडं हलत नाही, तर त्या लाल रंगावर विश्वास ठेवायचा नाही. अशी ओळ बाजूला काढायची, माणसाने तपासायची, आणि खरी नसेल तर करडी करायची. नियम चोख होता. कौस्तुभसरांनी तो सगळ्यांना दाखवला, आणि कधी नव्हे ते कौतुकही केलं. हुंबरळची घरं मार्गशीर्षापुरती करडी झाली. दाजींना कळलं असतं तर काय म्हणाले असते, या विचाराने अक्षयाला दिवसभर चुकचुकल्यासारखं झालं.

पहाटे ती आता ऑफिसजवळच्या भाड्याच्या खोलीत, खिडकीशी बसायची. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. पण पडद्यावर किनारा तसाच यायचा, देवगड, हुंबरळ, वेंगुर्ला, आरोंदा, आणि तेवढा वेळ तिच्या खोलीत खारा वारा असायचा. आईच्या घराची ओळ आली की ती थांबायची. पहिली खोली हिरवी, दुसरी हिरवी, समुद्राकडची लाल. बरं झालं, तिने मनात म्हटलं, साइटवर चढवल्या चढवल्या पाहुणा मिळाला. दुसऱ्या दिवशीही लाल. शिमग्याच्या आधीचे दिवस, सगळा किनारा ओस, आणि ती एक खोली लाल. पुढचे सगळे महिने लाल, मेपर्यंत, पावसाळाभर, जिथपर्यंत कॅलेंडर जातं तिथपर्यंत लाल.

त्या संध्याकाळी तिने आईला फोन लावला. आई बाबलीच्या म्हशीबद्दल बोलली, तुळसाकाकीच्या गुडघ्याबद्दल बोलली, दिव्या मॅडम म्हणून त्या बाईंनी मे महिन्यात येऊ का म्हणून विचारल्याचं बोलली, त्यांना पहिली खोली द्यायची कबूल केलीय. अक्षया म्हणाली, त्यांना समुद्राकडची दे की, आये.

"ती भरलेली आसा," सुगंधा म्हणाली, आणि आज बांगडे किती छान मिळाले ते सांगू लागली.

अक्षयाने फोन कानाशी धरून ठेवला. दिवेलागण झाली होती. आई आता बेड्याशी जाईल, रस्त्याकडे बघेल. पूर्वी एका माणसाची वाट बघायची, आता नवऱ्याची आणि लेकीची, दोघांची बघेल, आणि मग आत येऊन दिवा लावेल. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं, की पुढचं बोलणं तिला ऐकू आलं नाही.

तेव्हापासून तिचा नियम रोज पहाटे ती ओळ बाजूला काढतो. या खोलीत कोणी राहत नाही, कोणाचा अभिप्राय नाही, करडी करू का, असं तिला विचारतो. बाकीच्या सगळ्या ओळी ती कसून तपासते, एकही खोटा लाल पुढे जाऊ देत नाही. एवढ्या एका ओळीपाशी ती जरा थांबते, आणि तो चौकोन लालच ठेवते.